कोणतं बॅसीन? जहाजांच्या जुन्या वह्या आणि गावांची नावं



समजा, आपल्या बचत गटाच्या वहीत लिहिलंय, ‘सुनीता, हप्ता भरला, ५०० रुपये.’ आणि गटात सुनीता दोन आहेत. वही लिहिणारी बाई समोर असली तर आपण लगेच विचारतो, अगं, कोणती सुनीता? पण ती वही दोनशे वर्षांपूर्वीची असेल, लिहिणारा कधीच गेला असेल, आणि त्याची भाषाही आपली नसेल, तर काय करायचं?

गावांच्या नावांचंही असंच होतं. आपल्या महाराष्ट्रात पिंपळगाव किती आणि वडगाव किती! म्हणून तर पत्त्यात तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय टपाल पोचत नाही. आज आपण अशा वह्यांबद्दल बोलणार आहोत, ज्यांत नुसतं गावाचं नाव आहे आणि तालुका-जिल्हा काहीच नाही. या वह्या आहेत जहाजांच्या.

पूर्वी समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजावर रोजची नोंदवही ठेवत. इंग्रजीत तिला लॉगबुक म्हणतात, आपण रोजनिशी म्हणू. आज वारा कुठून आला, किती जोराचा होता, आकाश कसं होतं, पाऊस पडला का, जहाज कुठे होतं, कुणी आजारी पडलं का, पाणी आणि लाकूड किती घेतलं, सगळं त्यात यायचं. लढाई असो नाहीतर वादळ, नोंद चुकवून चालत नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी तर १८व्या शतकाच्या शेवटाला तापमापक आणि हवेचा दाब मोजणारं यंत्रही बरोबर ठेवायला सुरुवात केली. अशा मोजणीच्या सुमारे ९०० वह्या आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवल्या आहेत. इंग्रजी आरमाराच्या वह्या लंडनलाच, क्यू या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता तुम्ही म्हणाल, या गोऱ्या साहेबांच्या वह्यांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या पेरणीशी आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली बांधली गेली. भारताचं हवामान खातं सुरू झालं १८७५ साली. त्याआधी पाऊस कधी यायचा, वारा कधी फिरायचा, याची रोजच्या रोज केलेली मोजणी फार थोड्या ठिकाणी सापडते. पण अरबी समुद्रातून जहाजं मात्र येत-जात होती. पावसाळा लागताना समुद्रावरचा वारा नैर्ऋत्येकडून जोरात वाहू लागतो, हे किनाऱ्यावरच्या बायकांना सांगायला नको. शास्त्रज्ञांनी जहाजांच्या वह्यांतली वाऱ्याची दिशा बघून १९व्या शतकात मोसमी पाऊस साधारण कधी आला असेल, याचा अंदाज बांधला आहे. मृग कोरडा जाणं नवीन आहे की पूर्वीही असं व्हायचं, हा प्रश्न आपण घरोघरी विचारतो. त्याच्या उत्तरासाठी अशी जुनी मोजणी लागते.

हवेची नोंद उपयोगाची ठरायला तीन गोष्टी लागतात. तारीख, जागा आणि हवा. तारीख वहीच्या वर असते. हवा आकड्यांत आणि खुणांत असते. अडतं ते जागेपाशी.

जहाज भर समुद्रात असलं की दुपारी बारा वाजता सूर्य बघून जागा काढत आणि ती अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत लिहीत. पण जहाज बंदरात आलं, नांगर टाकला, की आकडे लिहायची गरज उरत नसे. मग नुसतं नाव यायचं. ‘बुशायर इथे.’ ‘बॉम्बे इथे.’ लिहिणाऱ्याला आणि त्याच्या कप्तानाला ते पुरेसं होतं. शंभर-दोनशे वर्षांनी वाचणाऱ्याला ते पुरत नाही. नाव ओळखलं नाही, तर त्या दिवसाचा वारा आणि पाऊस नकाशावर कुठे ठेवायचा? ती नोंद बाजूला पडते, जशी कुणाच्या नावावर टाकायची ते न कळलेली रक्कम पडून राहते.

हे ओळखण्याचं काम नुसत्या शास्त्रज्ञांनी केलेलं नाही. २०१० साली ‘ओल्ड वेदर’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या इंग्रजी आरमाराच्या वह्यांचे फोटो काढून ते संगणकावर ठेवले, आणि कुणीही घरी बसून ती पानं वाचून उतरवावीत असं आवाहन केलं. त्यात निवृत्त माणसं होती, शिक्षक होते, घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. वहीत दर चार तासांनी, म्हणजे दिवसातून सहा वेळा हवा लिहिलेली असे. ती सगळी या लोकांनी एक एक ओळ करून उतरवली. एकच पान दोघा-तिघांनी वेगवेगळं वाचायचं आणि मग जुळवायचं, म्हणजे चूक लक्षात येते. अशा तऱ्हेने हवेच्या सुमारे १६ लाख नोंदी तयार झाल्या. या माणसांना वाकड्यातिकड्या अक्षरांतल्या गावांच्या नावांशीही झगडावं लागलं.

नावं अवघड का होतात, ते आता आपल्याच किनाऱ्यावरून बघू.

पहिलं कारण म्हणजे कान. परक्या माणसाने नाव ऐकलं आणि आपल्या जिभेला जमेल तसं लिहिलं. इंग्रजांना आपला ‘ठ’ आणि ‘ण’ येत नाही, म्हणून ठाण्याचं झालं ‘टॅना’. बाणकोटचं ‘बॅनकूट’ झालं. मुंबईजवळच्या खांदेरी आणि उंदेरी या जोडबेटांना त्यांनी ‘केनरी’ आणि ‘हेनरी’ करून टाकलं. वाचणाऱ्याला वाटेल, हेनरी नावाचा कुणी साहेब असणार! बोरिवलीच्या बाजूच्या कान्हेरी लेण्यांचं नावही ते जवळपास ‘केनरी’सारखंच लिहीत. पण लेणी डोंगरात आहेत. वहीत ‘केनरीचा दिवा दिसला’ असं असेल तर ते खांदेरीच, कारण तिथे १८६७ पासून दीपगृह आहे. आणि हेच खांदेरी आता सरकारी कागदावर कान्होजी आंग्रे बेट आहे. म्हणजे बेट एक आणि नावं तीन.

दुसरं कारण, नाव कधी कधी गडाचं नसून बाजूच्या गावाचं असतं. विजयदुर्ग हे नाव जुन्या इंग्रजी वह्यांत शोधलंत तर सापडणं कठीण. तिथे लिहिलेलं असतं ‘घेरिया’. किल्ल्याजवळचं गिर्ये हे गाव त्यांच्या कानाला असं ऐकू आलं. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन या आरमारप्रमुखाची जहाजं तिथे आली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्या इतिहासातला तो विजयदुर्गचा दिवस त्यांच्या वह्यांत घेरियाचा दिवस आहे. ज्याला गिर्ये माहीत नाही, त्याला ही दोन टोकं जोडता येणार नाहीत.

तिसरं कारण, जिंकणारा नवीन नाव ठेवतो. बाणकोटचा किल्ला १७५५-५६च्या सुमारास इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणायला सुरुवात केली. आज कुणीही म्हणेल, राणीच्या नावावरून ठेवलं असेल. पण व्हिक्टोरिया राणीचा जन्म १८१९चा! नाव त्याआधीचं आहे, आणि त्याचा अर्थ नुसता ‘विजय’ एवढाच. शिवाय तिकडे पूर्वेला, आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर डचांचा आणखी एक फोर्ट व्हिक्टोरिया होता आणि कंपनीची जहाजं तिथेही जायची. म्हणजे नाव स्वच्छ वाचता आलं तरी काम संपत नाही.

चौथं कारण सर्वांत फसवं. एकच नाव, दोन गावं.

हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग इंग्रजांनी ‘सेव्हर्नड्रूग’ असा लिहिला. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो घेतला. पण कर्नाटकात बंगळूरजवळ सावनदुर्ग नावाचा डोंगरी किल्ला आहे. १७९१ साली टिपू सुलतानाशी लढताना इंग्रजांनी तो घेतला, आणि त्याचंही नाव त्यांच्या कागदांत जवळजवळ असंच पडलं. १७८४ साली जेम्सच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी लंडनमध्ये एक मनोरा बांधला, त्याचं नाव ठेवलं सेव्हर्नड्रूग कॅसल. तो अजून उभा आहे. हा गुंता सोडवणं मात्र सोपं आहे. सावनदुर्ग समुद्रापासून दूर घाटावर आहे. जहाजाने नांगर टाकला असं वहीत असेल तर तो सुवर्णदुर्गच.

खरी कसोटी लागते ‘बॅसीन’पाशी.

आपली वसई पोर्तुगीजांकडे दोनशे वर्षं होती. त्यांनी वसईचं ‘बासाईं’ केलं, इंग्रजांनी त्याचं ‘बॅसीन’ केलं. १८०२ साली पेशव्यांनी इंग्रजांशी जो तह केला, तो आपण वसईचा तह म्हणतो आणि इंग्रज बॅसीनचा तह म्हणतात. पण ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, इरावती नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात आणखी एक बंदर आहे. आज त्याला पाथेन म्हणतात. इंग्रज त्यालाही ‘बॅसीन’च लिहीत! १८५२च्या दुसऱ्या ब्रह्मी युद्धात त्यांनी ते घेतलं.

दोन्ही बंदरं, दोन्हीकडे जहाजं जाणार, आणि दोन्ही नावं अक्षर न अक्षर सारखी. दोघींमधलं अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. आता वहीत लिहिलंय, ‘बॅसीन इथे. जून महिना. वारा नैर्ऋत्येचा, दिवसभर जोराचा पाऊस.’ पावसावरून ओळखता येईल का? नाही येणार. जूनमध्ये वसईलाही धो धो पडतो आणि पाथेनलाही तसाच पडतो. हा पाऊस चुकीच्या बॅसीनवर टाकला, तर कुणाला वावगं वाटणारही नाही. चूक गुपचूप आत शिरेल आणि वसईच्या पावसाच्या हिशेबात ब्रह्मदेशचा पाऊस मिसळेल.

मग ओळखायचं कसं? हे काम करणारे जे करतात, ते आपल्याला नवीन नाही. हिशेब जुळत नसला की आपण काय करतो? मागचं पान बघतो आणि पुढचं पान बघतो.

आधीच्या आठवड्यात जहाज भर समुद्रात होतं तेव्हाचे दुपारचे आकडे बघायचे. वसई साधारण ७३ रेखांशावर आहे, पाथेन साधारण ९५ रेखांशावर. आदल्या दिवसांचे आकडे नव्वदीत असतील तर ब्रह्मदेश आणि सत्तरीत असतील तर वसई. मग बघायचं, आधीचं बंदर कोणतं होतं, मुंबई की रंगून? पाथेन समुद्रकाठी नाही, नदीतून बरंच आत जावं लागतं. म्हणून नदीची वाट दाखवणारा माणूस जहाजावर घेतल्याची नोंद बहुधा सापडते. वसई खाडीच्या तोंडाशीच आहे. ऋतूही थोडं सांगतो. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तसंच शिडाची जहाजंही भर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ यायचं टाळत. ही खूण एकटी पुरत नाही, पण बाकीच्या खुणांना बळ देते.

अक्षर लागत नसेल तर त्याच माणसाने दुसऱ्या पानांवर तेच अक्षर कसं काढलंय ते बघतात. पाणी किती वाव खोल होतं, कोणता डोंगर कोणत्या दिशेला दिसत होता, हेही वहीत असतं. होडीवरचा तांडेल डोंगर आणि देवळाच्या खुणा जुळवून जागा ओळखतो, तशीच ही रीत. त्याला जोड मिळते जुन्या नकाशांची आणि खलाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांची. कंपनीचा जलमार्गतज्ज्ञ जेम्स हॉर्सबर्ग याने १९व्या शतकाच्या आरंभी असं मोठं पुस्तक तयार केलं होतं. त्या काळी कोणत्या बंदराला काय म्हणत, हे अशा पुस्तकांतून कळतं.

जुन्या वह्यांमध्ये आणखी एक पेच आहे. अक्षांश सूर्यावरून काढता येत असे, पण रेखांश काढणं फार कठीण होतं. त्याला अचूक घड्याळ लागतं, आणि तशी घड्याळं १८व्या शतकात महाग आणि दुर्मीळ होती. म्हणून कित्येक खलाशी शेवटची ओळखीची जमीन धरून मोजत. ‘अमुक टोकापासून पूर्वेला इतके अंश.’ वाटेवर कुणी आपल्याला ‘दगडापासून चार मैल’ म्हणालं, तर आपण विचारणारच, कोणत्या दगडापासून? १७५० ते १८५० या काळातल्या इंग्रज, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांच्या वह्या एकत्र केल्या तेव्हा असे शेकडो वेगवेगळे ‘दगड’ निघाले. त्या टोकाचं नाव चुकीचं वाचलं, तर एका दिवसाची नोंद चुकून भागत नाही. पुढचा सगळा प्रवासच नकाशावर सरकतो.

या कामाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. वहीत जसं लिहिलंय तसंच आधी उतरवायचं. ‘घेरिया’ असेल तर ‘घेरिया’च लिहायचं, तिथे परस्पर ‘विजयदुर्ग’ करायचं नाही. आपली ओळख शेजारच्या रकान्यात लिहायची, आणि ती कशावरून पटली तेही लिहायचं. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवायचं. समजा, पानाची कड फाटली आहे आणि नावातलं ‘घेरी’ एवढंच दिसतंय. ते ‘रत्नाघेरी’ असेल, म्हणजे आपली रत्नागिरी, नाहीतर घेरिया असेल. रिकामी किंवा प्रश्नचिन्हाची जागा उद्या कुणी भरू शकेल. पण अंदाजाने ठोकून दिलेलं नाव खरंच आहे असं समजून पुढचा माणूस चालत राहील. सातबारावर एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीसाठी किती हेलपाटे पडतात, हे आपल्यातल्या अनेकींनी भोगलंय.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू या. या वह्या लिहिणारे इथे व्यापाराला आणि लढाईला आले होते. त्यांनी वारा लिहिला, पाणी लिहिलं, किल्ल्यावर किती तोफा डागल्या तेही लिहिलं. पण ‘हे गिर्ये, हे खांदेरी’ असं त्यांना कुणी तरी सांगितलंच असेल ना? तो एखादा कोळी असेल, खलाशी असेल, पाणी आणि भाजी विकायला आलेली एखादी बाईही असेल. त्या माणसाचं नाव वहीत सहसा सापडत नाही. त्याने सांगितलेलं गावाचं नाव तेवढं, वाकडंतिकडं होऊन का होईना, शिल्लक आहे. लंडनमध्ये बसलेल्या विद्वानाला ते वाकडं नाव सरळ करायचं असेल, तर त्याला गिर्ये कुठे आहे हे सांगणारं कुणी तरी लागतंच. ती माहिती किनाऱ्यावरच्या माणसांकडे आहे.

आणि ती फक्त किनाऱ्यावरच्यांकडे आहे असंही नाही. आपल्या प्रत्येक गावात अशी नावं आहेत, जी कुठल्याच सरकारी नकाशावर नाहीत. एखादा चिंचेचा मळा, जिथे आता एकही चिंच उरलेली नाही. एखादी विहीर, जिला म्हाताऱ्या बाया एक नाव म्हणतात आणि पोरं दुसरं. एखादा ओढा, जो वाट बदलून गेला पण नाव जुन्याच जागेवर राहिलं. पूर कुठपर्यंत आला होता, दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी टिकलं होतं, हे सांगताना आपल्या सासवा याच नावांनी सांगतात. नाव विसरलं की ती आठवणही कुठे ठेवायची ते कळत नाही.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. एक साधी वही घ्या आणि चार रकाने पाडा. पहिल्यात जागेचं नाव, जसं तोंडाने म्हणतात तसंच. दुसऱ्यात ती जागा नेमकी कुठे आहे, कोणत्या देवळापासून किंवा रस्त्यापासून किती अंतरावर. तिसऱ्यात तिची दुसरी नावं. चौथ्यात हे कुणी सांगितलं त्या बाईचं नाव आणि तारीख. दोघींनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, एक खोडू नका. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. गटातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून सुरुवात करा, आणि लिहायला शाळेत जाणारी एखादी मुलगी बसवा.

जहाजांच्या वह्यांत सांगणाऱ्याचं नाव राहून गेलं. तुमच्या वहीतला चौथा रकाना तेवढा रिकामा ठेवू नका.